एका भेटीतला युरेनस

२४ जानेवारी १९८६ रोजी व्हॉयेजर-२ हे यान युरेनसच्या ढगांपासून सुमारे ८१,५०० किलोमीटरवरून निघून गेलं. तिथे थांबणं त्याला शक्यच नव्हतं, शिवाय पुढे नेपच्यून गाठायचा होता. ग्रह आणि त्याचे मोठे चंद्र जवळून पाहण्याचा सगळा महत्त्वाचा काळ पाच-सहा तासांत संपला. त्यानंतर आजपर्यंत माणसाने बनवलेलं एकही यंत्र तिकडे गेलेलं नाही. गुरूभोवती यानं वर्षानुवर्षं घिरट्या घालत राहिली, शनीजवळ कॅसिनीने तेरा वर्षं मुक्काम केला, मंगळावर तर गाड्या चालताहेत. युरेनसच्या वाट्याला हे एवढे तास आले.

त्या वेळची छायाचित्रं पाहिली की दिसतो एक फिकट, निळसर हिरवा, गुळगुळीत गोळा. पट्टे नाहीत, डाग नाही, नजर ठरेल असं काहीच नाही. तेव्हापासून ‘नीरस ग्रह’ हा शिक्का त्याच्यावर बसला तो बसलाच. सूर्यमालेवरच्या कितीतरी पुस्तकांत गुरू-शनीला पानंच्या पानं मिळतात आणि युरेनस-नेपच्यून जोडीने उरकले जातात. मला हे फार दिवस बोचत आलं आहे. ज्याचं एक वर्ष आपल्या ८४ वर्षांचं, त्याला आपण काही तास पाहिलं आणि त्याचा स्वभाव ठरवून मोकळे झालो.

खरं तर त्याच्याकडे दुर्लक्ष व्हायला त्याच्याही खूप आधी सुरुवात झाली होती. युरेनस नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकतो, अगदी काठावर का होईना. आकाश पूर्ण काळोखं हवं, नजर चांगली हवी आणि नेमकं कुठे पाहायचं ते माहीत हवं. दुर्बिणी आल्यावर तर तो वारंवार लोकांच्या नजरेखालून गेला. इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ जॉन फ्लॅमस्टीड याने १६९० मध्ये त्याची नोंद केली ती वृषभ राशीतला ३४ क्रमांकाचा तारा म्हणून. फ्रान्सच्या पिएर लमोनिएने १७५० ते १७६९ या काळात तो डझनभर वेळा टिपला, त्यातल्या काही नोंदी तर लागोपाठच्या रात्रींच्या आहेत. प्रत्येक वेळी तो ‘आणखी एक तारा’ म्हणून वहीत गेला.

१३ मार्च १७८१ च्या रात्री इंग्लंडमधल्या बाथ गावी विल्यम हर्शेल आपल्या घरामागच्या बागेतून एकेक तारा तपासत होता. पेशाने तो संगीतकार, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. दुर्बीण मात्र स्वतःच्या हाताने बनवलेली, आरसाही स्वतःच घासलेला, जेमतेम सव्वासहा इंच व्यासाचा. वृषभ आणि मिथुन यांच्या सीमेवरचा एक तारा त्याला किंचित जाड वाटला. त्याने दुर्बिणीतून तो आणखी मोठा करून पाहिला, २२७ पटीवरून ४६०, मग ९३२. तारा कितीही पट मोठा करून पाहिला तरी त्याची तबकडी त्या प्रमाणात वाढत नाही. ही वस्तू वाढत होती. हर्शेलला वाटलं धूमकेतू असावा, आणि त्याने तसंच कळवलं. मग गणितज्ञ अँडर्स लेक्सेलने कक्षेचं गणित मांडलं तेव्हा ती जवळजवळ वर्तुळाकार निघाली, आणि तीही शनीच्या दुप्पट अंतरावर. माणसाला माहीत असलेली सूर्यमाला एकदम दुप्पट रुंद झाली.

हर्शेल १८२२ मध्ये वारला तेव्हा तो ८३ वर्षांचा होता, म्हणजे युरेनसच्या एका वर्षाएवढंच त्याचं आयुष्य. पण शोधाच्या रात्रीपासून मोजलं तर त्या ग्रहाची पहिली फेरी पुरी झाली १८६५ मध्ये. दुसरी १९४९ मध्ये झाली. तिसरी होईल २०३३ मध्ये. शोध लागल्यापासून त्या ग्रहावर अजून तीन वर्षंसुद्धा उलटलेली नाहीत. या हिशोबाने पाहिलं की १९८६ ची ती भेट किती लहान होती ते मला नीट कळतं.

थोडं त्याच्या जडणघडणीबद्दल. सूर्यापासून तो सरासरी २९० कोटी किलोमीटरवर आहे. सूर्यप्रकाशाला तिथे पोचायला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. ऊन पृथ्वीवरच्या उन्हाच्या साधारण ३७० व्या हिश्शाइतकं उरतं, पण तेवढंही पौर्णिमेच्या चांदण्याच्या हजारपट होतं, तेव्हा तिथे काळोख असेल असं समजू नये. व्यास पृथ्वीच्या चौपट, वस्तुमान साडेचौदा पट. वरच्या वातावरणात मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम, आणि शेकडा दोनच्या आसपास मिथेन. हा मिथेन लाल प्रकाश शोषून घेतो म्हणून आपल्यापर्यंत निळा-हिरवा उरतो. ढगांच्या वरच्या थरात हायड्रोजन सल्फाइड आहे, हे २०१८ मध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीने दाखवून दिलं. कुजलेल्या अंड्याचा वास येतो तो याच वायूचा.

त्याला वायुरूप ग्रह म्हणण्याची पद्धत आहे, पण वायूचा भाग हा वरचा पांघरलेला थर. ग्रहाचं बहुतेक वस्तुमान त्याच्याखाली आहे: पाणी, अमोनिया आणि मिथेन, आणि तेही प्रचंड दाबाखाली हजारो अंशांपर्यंत तापलेलं, दाट, वाहतं. पाय ठेवायला जमीन कुठेच नाही. वायू हळूहळू दाट होत जातो आणि कधी द्रवासारखा वागू लागला ते सांगणारी रेघ सापडत नाही. तिथल्या दाबात मिथेनमधला कार्बन सुटा होऊन त्याचे हिरे बनत असावेत आणि ते खोल खोल बरसत असावेत, असा तर्क आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेत पॉलिस्टायरीन या प्लास्टिकवर लेझरचे तडाखे देऊन तसा दाब क्षणभर निर्माण केला, तेव्हा खरोखरच अतिसूक्ष्म हिरे तयार झाले. युरेनसच्या पोटात ते कुणी पाहिलेले नाहीत. तरी हा तर्क वाचल्यापासून मला त्या गुळगुळीत फोटोकडे पूर्वीसारखं पाहता आलेलं नाही.

पण युरेनस समजून घ्यायचा तर सगळ्यात आधी त्याची आस. पृथ्वीची आस साडेतेवीस अंशांनी कललेली आहे, युरेनसची जवळजवळ ९८ अंशांनी. लवंडलेला भोवरा आडवा पडूनही फिरत राहावा, तसा तो सूर्याभोवती जातो. त्याच्याभोवतीच्या कड्या आणि मोठे चंद्रही त्याच्याबरोबरच आडवे झालेले आहेत, म्हणजे जे काही घडलं ते फार पूर्वी घडलं, चंद्र आजच्या जागी बसण्याआधी. पृथ्वीएवढा किंवा तिच्या दोन-तीन पट वस्तुमानाचा एखादा पिंड त्याच्यावर आदळला असावा, हे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण. काही संशोधकांच्या मते एखादा मोठा चंद्र हळूहळू दूर सरकत गेला आणि त्याने ग्रहाला कोट्यवधी वर्षांत कलंडवलं. मला स्वतःला टकरीची कल्पना जास्त पटते, कारण तिने बाकीच्याही काही विचित्र गोष्टी जुळतात, विशेषतः त्याचं थंड पडणं. त्याबद्दल पुढे.

या कलण्याचा परिणाम ऋतूंवर होतो. युरेनसच्या ध्रुवावर ४२ वर्षं सूर्य मावळत नाही आणि पुढची ४२ वर्षं उगवत नाही. उत्तर ध्रुवावर १९६० च्या दशकाच्या मध्याला सूर्य मावळला तो २००७ मध्ये उगवला. आता तिथे दिवस आहे आणि तो २०५० च्या आसपास संपेल. व्हॉयेजर पोचलं ते नेमकं उत्तरेच्या मध्यरात्री. दक्षिण ध्रुव जवळजवळ थेट सूर्याकडे रोखलेला होता आणि उत्तरेचा अर्धा गोल अंधारात. म्हणजे त्या दिवशी आपण अर्धाच ग्रह पाहिला, आणि तोही अशा ऋतूत, जेव्हा त्याचं वातावरण सर्वांत शांत होतं. जसजसं २००७ चं विषुव, म्हणजे सूर्य थेट विषुववृत्तावर येण्याचा काळ, जवळ येऊ लागलं तसतशी मोठ्या दुर्बिणींना तिथे तेजस्वी ढग आणि वादळं दिसू लागली. २०१४ मध्ये तर एवढी मोठी वादळं उठली की हौशी निरीक्षकांनाही त्यांचे फोटो घेता आले. आता जेम्स वेब दुर्बिणीच्या अवरक्त छायाचित्रांत उत्तर ध्रुवावर तेजस्वी टोपी दिसते, कड्या झळकतात, ढग दिसतात. १९८६ च्या फोटोशेजारी ती छायाचित्रं ठेवली तर हा तोच ग्रह आहे हे सांगावं लागेल.

रंगही कायम नाही. अयनांच्या काळात, म्हणजे एक ध्रुव सूर्याकडे रोखलेला असताना, तो जरा जास्त हिरवा दिसतो, विषुवाच्या काळात जास्त निळा. ध्रुवांजवळ मिथेन कमी असतो आणि उन्हाळ्यात तिथे बर्फकणांचं धुकं साठतं, त्यामुळे ध्रुव आपल्यासमोर आला की परावर्तित प्रकाशात फरक पडतो. पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी २०२४ च्या सुरुवातीला हे मांडलं, अनेक दशकांच्या जुन्या मोजमापांचा आधार घेऊन.

मी युरेनस पाहिलाय तो साध्या द्विनेत्रीतून. हल्ली तो कृत्तिकांच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे शोधणं फार अवघड जात नाही. नकाशा समोर ठेवून एकेक तारा ओळखत गेलं की एक जास्तीचा ठिपका उरतो. त्यात दिसण्यासारखं काही नसतं. पण हा प्रकाश सूर्यापासून निघून तिथे गेला, तिथल्या मिथेनमधून गाळून परत फिरला, आणि पाच तासांहून जास्त प्रवास करून माझ्या डोळ्यात शिरला, हे माहीत असताना तो ठिपका पाहणं आणि माहीत नसताना पाहणं यांत मला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. काही रात्रींनी पुन्हा पाहिलं तर तो शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला असतो. लमोनिएच्या वहीत हे सरकणं आकड्यांत होतं. त्याने ते आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले असते तर, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

असे जुने आकडे पुन्हा काढून पाहण्याचं काम व्हॉयेजरच्या बाबतीत मात्र खरंच झालं, आणि युरेनसच्या कथेतला हा भाग मला सर्वांत जवळचा आहे. एरिक कार्कोश्का या खगोलशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये १९८६ चे फोटो चाळताना एक चंद्र शोधला. तेरा वर्षं तो फोटोंत होता, कुणाच्या लक्षात आला नव्हता. पुढे हबल अवकाश दुर्बिणीने त्याच्यावर शिक्कामोर्तब केलं, आज त्याचं नाव पर्डिटा. याच कार्कोश्काने २०१४ मध्ये व्हॉयेजरच्या सुमारे १,६०० प्रतिमा एकमेकींवर रचून त्यांतला दाणेदार गोंगाट कमी केला, तेव्हा त्या ‘गुळगुळीत’ दक्षिण गोलार्धात ढगांचे कितीतरी आकार वर आले. ते तिथे होतेच. २०२० मध्ये नासाच्या दोघा शास्त्रज्ञांनी चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी बारीक वेळांत तपासल्या, तर साठ सेकंदांच्या एका छोट्या उसळीत त्यांना प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, एक प्रचंड बुडबुडा ओळखू आला. युरेनसच्या वातावरणाचा थोडा अंश तो अवकाशात घेऊन चालला होता.

चुंबकीय क्षेत्राबद्दल जरा थांबून सांगायला हवं. पृथ्वीचा चुंबकीय अक्ष फिरण्याच्या आसाजवळच असतो. युरेनसचा ५९ अंशांनी कललेला आहे, आणि केंद्रातून जातही नाही, त्रिज्येच्या जवळजवळ एक तृतीयांश अंतराने बाजूला सरकलेला आहे. त्यामुळे ग्रह फिरतो तसं सगळं चुंबकावरण, म्हणजे ग्रहाभोवतीचं चुंबकीय क्षेत्राचं कवच, गोते खात फिरतं. व्हॉयेजरला त्यात दोन गोष्टी सापडल्या ज्या एकत्र नांदायला नकोत: किरणोत्सर्गाचे पट्टे भलतेच तीव्र, आणि त्यांना पोसणारा प्लाझ्मा जवळजवळ नाहीच. यावरून असाही निष्कर्ष निघाला की त्याचे चंद्र निपचित असावेत, कारण जिवंत चंद्र काही ना काही वायू बाहेर टाकतातच. जवळजवळ चाळीस वर्षं हे पाठ्यपुस्तकात बसलं. मग २०२४ मध्ये जेमी जासिन्स्की आणि सहकाऱ्यांनी भेटीच्या आधीच्या दिवसांची नोंद तपासली. व्हॉयेजर पोचण्याच्या थोडं आधी सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या भारित कणांचा, एक जोरदार झोत युरेनसवर आदळला होता आणि त्याने चुंबकावरण चेपून टाकलं होतं. अशी स्थिती तिथे पाच टक्क्यांहून कमी वेळ असते. यान काही दिवस आधी पोचलं असतं तर वेगळाच युरेनस आपल्या हाती लागला असता. चंद्रांखाली समुद्र असू शकतील का, हा मिटलेला प्रश्न त्यामुळे पुन्हा उघडला.

उष्णतेचंही तसंच. युरेनसच्या वातावरणात उणे २२४ अंश सेल्सियसपर्यंत तापमान मोजलं गेलं आहे, त्याहून लांबच्या नेपच्यूनपेक्षाही कमी. नेपच्यून सूर्याकडून घेतो त्याच्या अडीचपटीहून अधिक उष्णता बाहेर टाकतो, युरेनस जवळजवळ काहीच जास्त टाकत नाही, असं व्हॉयेजरच्या मोजणीवरून ठरलं होतं. दोन जुळे वाटणारे ग्रह आणि एकाचं पोट थंड. म्हणूनच टकरीची कल्पना मला पटते: तशा धक्क्यात आतली उष्णता लवकर निघून गेली असेल, किंवा आतले थर असे बसले असतील की ती वर येऊच शकत नाही. पण २०२५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हिशोब पुन्हा मांडला आणि युरेनसही घेतो त्यापेक्षा बारा ते पंधरा टक्के जास्त उष्णता देतो असं दाखवलं. नेपच्यूनच्या मानाने हे थोडंच, पण शून्य नाही. त्याच वर्षी हबलने अकरा वर्षं टिपलेल्या ध्रुवीय प्रकाशावरून त्याचा दिवसही पुन्हा मोजला गेला: १७ तास १४ मिनिटं ५२ सेकंद. जुन्या आकड्यापेक्षा २८ सेकंद जास्त. एवढासा फरक दिवसागणिक साचत जाऊन व्हॉयेजरनंतर दोन-तीन वर्षांतच युरेनसवरचे रेखांश निरुपयोगी झाले होते.

कड्यांचा शोध मात्र यानाच्याही आधीचा, आणि तो लागला तो तयारीमुळे. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. अशा पिधानाच्या वेळी तारा कसा झाकोळतो त्यावरून ग्रहाच्या वातावरणाचा अंदाज येतो. जेम्स एलियट, एडवर्ड डनहॅम आणि जेसिका मिंक विमानात बसवलेली दुर्बीण घेऊन हिंदी महासागरावर उडत होते. वेळेची पक्की खात्री नव्हती म्हणून त्यांनी नोंद बरीच आधी सुरू केली, आणि ग्रह ताऱ्यापाशी पोचण्याआधीच तारा पाच वेळा लुकलुकला. ग्रह पुढे गेल्यावर दुसऱ्या बाजूलाही पाचदा. त्याच रात्री तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतून जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी हाच प्रसंग टिपत होते, आणि त्यांच्याही नोंदीत प्रकाश मध्येच कमी झालेला दिसला. आज अशा १३ कड्या माहीत आहेत, कोळशासारख्या काळ्या आणि बहुतेक अरुंद. चंद्रांची संख्या २९ आहे. शेवटचा २०२५ मध्ये जेम्स वेबने दाखवला, जेमतेम दहा किलोमीटरचा.

भेटीनंतर चारच दिवसांनी, २८ जानेवारी १९८६ ला, चॅलेंजर यान उड्डाणानंतर काही क्षणांत नष्ट झालं आणि सात अंतराळवीर गेले. जगाचं लक्ष तिकडे गेलं, आणि जायलाच हवं होतं. युरेनसच्या बातम्या त्यात मागे पडल्या त्या पडल्याच. मिरांडाचे फोटो एरवी घराघरांत पोचले असते असं मला वाटतं.

मिरांडा हा मोठ्या पाच चंद्रांतला सर्वांत लहान, जेमतेम ४७० किलोमीटर व्यासाचा. व्हॉयेजर त्याच्या सर्वांत जवळून गेलं ते आवडीने नव्हे. नेपच्यूनकडे वळण घ्यायचं तर त्याच वाटेने जावं लागत होतं, आणि शास्त्रज्ञांना निवड असती तर त्यांनी बहुधा टायटानिया किंवा एरियल घेतला असता. उजेड कमी, वेग प्रचंड, त्यामुळे छायाचित्र पुसट होऊ नये म्हणून कॅमेरा उघडा असताना अख्खं यानच हळूहळू वळवत राहावं लागलं. हाती जे आलं ते पाहून सगळे थक्क झाले. जुन्या, विवरांनी भरलेल्या जमिनीत मधूनच नांगरल्यासारखे तीन विशाल प्रदेश: आर्डेन, एल्सिनोर, इन्व्हरनेस. आधी वाटलं हा चंद्र फुटून पुन्हा जुळला असावा. आता कल आहे तो आतून वर सरकलेल्या उबदार बर्फाकडे, म्हणजे शेजारच्या चंद्रांच्या ओढाताणीने एके काळी मिरांडाचं पोट तापलं होतं. आणि तिथेच व्हेरोना रुपीस हा कडा आहे, काही अंदाजांनुसार २० किलोमीटरपर्यंत उंच. तिथलं गुरुत्व इतकं क्षीण की वरून सुटलेला दगड तळाशी पोचायला दहा-बारा मिनिटं घेईल.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमींनी पुढच्या दशकासाठीच्या मोठ्या ग्रहमोहिमांत युरेनसला पहिलं स्थान दिलं: एक यान त्याच्याभोवती फिरत राहील आणि एक छोटी कुपी वातावरणात सोडली जाईल. कुपी हेलियम, निऑन, आरगॉन मोजेल, आणि त्यावरून हा ग्रह कुठे आणि कशातून जन्मला ते कळायला मदत होईल. प्रवास बारा-तेरा वर्षांचा. अजून ते कागदावरच आहे, आणि उशीर होत गेला तर उत्तरेचा दिवस संपत येईल. त्यासाठी वाद घालणाऱ्या प्रत्येकाच्या बाजूने मी आहे. व्हेरोना रुपीसचा कडा व्हॉयेजरच्या छायाचित्रात शंभरेक किलोमीटर दिसतो आणि मग उजेडाची हद्द संपते. पलीकडचा अर्धा मिरांडा २००७ पासून उन्हात आहे. कड्याचं दुसरं टोक कुठे आहे, ते आधी पाहून यावं.